फळीवरची बाजाची पेटी

सोन्या,

लाटांवर घसरायच्या तुझ्या लाकडी फळीचं टोक वर वाकावं म्हणून तू तिच्यावर माझी बाजाची पेटी ठेवली होतीस. सकाळी कीर्तनाला मी तीच उचलून नेली. माझं मेलीचं लक्षच नव्हतं! परत येऊन बघते तर टोक सरळ. सरळ टोक लाटेत घुसतं, हे तूच सांगितलंस ना? खरं सांगते, क्षणभर बरंच वाटलं. रविवारी तुझं बाबांकडे समुद्रावर जाणं टळेल, म्हणून. पण असं मन घेऊन देवापुढे कशी बसू?

टोक गरम पाण्याने भिजवून पुन्हा वाकवलंय, वर पेटी ठेवलीय. हलवू नकोस. मी सुताराकडे फळी आवळून धरायचे शिकंजे मागायला गेलेय.

बाबांना सांग, पाण्यात तुझ्याजवळच राहायचं. काठावरून नुसता हात हलवायची त्यांची सवय मला ठाऊक आहे.

आई