बुलेट की जावा, विंझरला ठरवू

दादा,

जावा घेऊन मी विंझरला कीर्तनाला पुढं निघालोय. गेनू मागं पखवाज धरून बसलाय. तुझ्या आवडीची बुलेट दारात ठेवलीय, तिच्यावरून बुवांना घेऊन ये. चालवून बघायला आणलेल्या दोन्ही गाड्या उद्या मालकांना परत द्यायच्यात, तेव्हा आपण कुठली घ्यायची ते आजच ठरवू. वाटेतले मार्गासनीचे खड्डे दोघांना सारखेच. पखवाजाचा सूर उतरला नाही तर जावा, बुवांची कंबर धरली नाही तर बुलेट. जावाच जिंकणार, बघ!

गाडीवरून भांडलो तेव्हापासून तू बोलला नाहीस. कीर्तन सुटल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. थोरला असलास तरी तुलाही माझ्या पडावं लागेल. पाया पडून न बोलता जायची रीत अजून कुणी काढलेली न्हाई.

चिमा