अँब्रोजच्या जाकिटासाठी क्लबला मुदत

मी, विनिफ्रेड मेरी टोबिन, वय चौसष्ट, कै. अँब्रोज टोबिन यांची पत्नी, राहणार केर्नी फ्लॅट, व्हिक्टोरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. आधीच्या मृत्युपत्रात मी फुटबॉल क्लबला बरेच काही दिले होते. ते आज रद्द करते.

१. राहते घर, कोंबड्या आणि मागचे लिंबाचे झाड माझी भाची रोझलीन हिला. लिंबे शेजारीपाजारी वाटावीत, प्रेस्कॉटांचे घर सोडून.

२. बँकेतली शिल्लक कॉन्व्हेंटला. तिथल्या सिस्टरांनी मला वेदीच्या कापडावर घालायचा बारीक टाका शिकवला. मी तो जन्मभर एका फुटबॉलपटूच्या जाकिटावर घातला, याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

३. अँब्रोजच्या बुटांना चामड्याच्या पट्ट्या ठोकायची हातोडी माझा भाऊ फ्रँक याला. क्लबला काय वाटेल म्हणून त्याने आमच्या घरी यायचे सोडले होते. हातोडी जड आहे. उचलताना आठवण होईल.

४. आता जाकीट. बिनबाह्यांचे, कॅनव्हासचे, पुढून नाडीने आवळायचे. १८८६ साली क्लबचा पहिला सामना झाला, तेव्हा अँब्रोज खाणीतली पाळी संपवून हेच जाकीट घालून उतरले. पुढे ते कर्णधार झाले. लग्नानंतर दर शनिवारी नाडी मी आवळायचे. ते श्वास रोखून उभे राहायचे.

"आणखी ओढ, विनी. धरून ओढायला कुणाचं बोट आत शिरता कामा नये."

"मग जेवण कुठे ठेवणार?"

"जिंकल्यावर बघू."

खेळणे थांबल्यावर ते संघाचे प्रशिक्षक झाले. १९११ च्या अंतिम सामन्यात आमचा अर्नी डगन डोक्यावर पडला. तेव्हा राखीव खेळाडू नसे. आमच्या व्हिक्टोरियाच्या फुटबॉलात संघ अठरा जणांचा; एक बाहेर बसला की सतराच उरायचे. शेवटचा टप्पा बाकी होता आणि आम्ही दोन गोलांनी, म्हणजे बारा गुणांनी, पुढे होतो. अध्यक्ष थोरले प्रेस्कॉट कुंपण ओलांडून आत आले. मी खेळाडूंना संत्री वाटत होते, म्हणून सगळे ऐकले.

"उभा राहतोय ना तो, टोबिन? मग पाठव."

"तो मला विचारतोय, आज मॅच आहे का म्हणून."

"गोलजवळ नुसता उभा कर त्याला."

"तुमचा मुलगा असता, तर केला असता उभा?"

सतरा जणांनिशी खेळलो आणि एका गुणाने हरलो. सोमवारी अँब्रोजना काढले. क्लबच्या फळीवर प्रशिक्षकांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत. १९११ समोरच्या नावावर तपकिरी रंग फासला. त्यानंतर अँब्रोज कधी मैदानावर गेले नाहीत. शनिवारी परसात तण काढत बसायचे. तिकडून आरडाओरडा ऐकू आला की हात थांबायचा. "आपला गोल," म्हणायचे. शेवटपर्यंत 'आपला'च म्हणाले.

आता क्लबला पन्नास वर्षे होत आहेत. गेल्या महिन्यात धाकटे प्रेस्कॉट, हल्लीचे अध्यक्ष, केक घेऊन आले. त्यांना काचेच्या कपाटासाठी जाकीट हवे आहे.

"फळीचं जुनं प्रकरण कशाला उकरायचं, मिसेस टोबिन?"

"उकरू नका. रंग तेवढा खरवडा."

"समितीला विचारावं लागेल."

"मग मलाही जाकिटाला विचारावं लागेल. केक न्या परत."

म्हणून असे ठरवते: माझ्या मृत्यूपूर्वी ते नाव त्याच जागी, सोनेरी अक्षरांतच दिसले, तर जाकीट क्लबचे. ते धुऊ नये. काखेखालची माती त्याच मैदानाची आहे. नाव दिसले नाही, तर ते शवपेटीत माझ्या अंगावर घालावे आणि रोझलीनने नाडी अशी आवळावी, की कुणाचे बोट आत शिरणार नाही. म्हणजे क्लबला मुदत माझ्या हृदयाइतकी आहे. ती किती, हे समितीने डॉक्टरांना विचारावे. या कागदाची प्रत आजच क्लबला पाठवली आहे.

५. अर्नी डगनला मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणाले, आणि मला सही त्याचीच हवी होती. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "माझं मला अँबकडून तेव्हाच मिळालंय, विनी. त्यातूनच ही सहा नातवंडं झाली. सगळी तुझी लिंबं चोरतात."

चोरू देत.

विनिफ्रेड मेरी टोबिन
केर्नी फ्लॅट, ९ मार्च १९३६

आम्हां दोघांसमोर सही केली:

ह्यू लॅनिगन, डॉक्टर

अर्नेस्ट डगन, बेकरीचा मालक. वरची तारीख यानेच घातली, आज काय आहे हे कोणालाही न विचारता.