राखून ठेवलेला टोला

प्रिय बाई,

काल बारामतीच्या शाळेची मुदत संपली. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर नेमणूक रद्द समजली जाईल. मी हजर झाले नाही. तांब्यात निखारे घालून साडीला इस्त्री तेवढी करून ठेवली होती, ती अजून खुंटीवर तशीच आहे.

आज रविवार आहे. शाळेत कुणी नाही. तुमच्याच खुर्चीत बसून लिहितेय, आणि रागावून लिहितेय, हे आधीच सांगते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. चांगलं मी शोकसभेत बोलले, लोक रडले. आता उरलेलं ऐका.

कडुलिंबाला टांगलेला तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा आठवतो ना? न आठवायला काय झालं! दौंडकडून तो तुम्ही एसटीच्या टपावर टाकून आणला होता आणि कंडक्टरशी सबंध वाटभर भांडला होतात. शाळा तेव्हा कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये भरायची. पाऊस पडला की अजूनही भिंतींना तो वास येतो. बाकं नव्हती, नकाशा नव्हता, पण टोल मात्र असा, की बावड्याच्या रस्त्यापर्यंत ऐकू जावा.

आणि त्या टोलाची रीत. दहावीच्या निकालादिवशी जो पहिला येईल त्यानं मिळाले तेवढे टक्के टोले मारायचे. माणसं शेतात उभी राहून मोजायची. पण शेवटचा टोला मारायचा नाही, तो राखून ठेवायचा. शिकून परत यायचं, एक वर्ष शाळेत शिकवायचं, आणि वर्ष भरलं की तुम्ही म्हणायचं, "मार आता." मग तो शेवटचा टोला पडायचा आणि ते पोर मोकळं व्हायचं. किती गोड वाटायची ती रीत मला! मी स्वतः अडकले नव्हते तोवर.

माझे एक्क्याऐंशी टक्के. ऐंशी टोले मारले, हाताला फोड आले. आमचे आबा तेव्हा मेंढरं घेऊन ओढ्याच्या पलीकडे बसले होते. दोनशे मेंढरं नजरेनं मोजणारा माणूस तो, टोल मोजायला चुकतोय कसला! संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "ऐंशी वाजलं. म्हंजी एक्क्याऐंशी. खांद्यावरचं कोकरू धरायचंच की हिशेबात." तेव्हापासून सगळं गाव ऐकलेल्या टोलांत एक मिळवून सांगायला लागलं.

ह्याच आबांशी तुम्ही दोन वर्षं आधी आमच्या पालावर येऊन भांडला होतात. ते मला मेंढरांबरोबर खाली कोकणात न्यायला निघाले होते. तुम्ही छत्री जमिनीत रोवलीत आणि म्हणालात, "पोरगी इथेच राहील. माझ्याकडे जेवेल, माझ्याकडे झोपेल." आणि राहिले मी तुमच्याकडे! तुमची शेंगदाण्याची चटणी आणि गार भाकरी खाऊन दहावी झाले. तुमचे उपकार विसरणारी मी नाही, बाई. तेच तर दुखणं आहे. उपकार विसरता आले असते तर केव्हाच गेले असते.

नव्वद साली बारामतीहून बी.एस्सी. होऊन आले. पुण्याला एम.एस्सी.ला नंबर लागला होता. मी ते तुमच्यापासून लपवलं नाही, कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा लावून सगळा वाचलात, नीट घडी करून परत दिलात आणि म्हणालात, "एक वर्षानं काय बिघडतंय?"

मी "काही नाही" म्हणाले. बाई, तुम्ही माझं तोंड पाहिलं नव्हतं का हो त्या वेळी?

वर्ष भरलं. मी हातोडी घेऊन झाडाखाली उभी राहिले. तुम्ही वर्गाच्या दारातून म्हणालात, "थांब गं, विज्ञानाला दुसरं माणूस मिळू दे." साहेब तपासणीला आले आणि गणित-विज्ञानाला पदवीधर दिसला नाही, तर दहावीची मान्यता जाईल. मान्यता गेली की पोरं जातील बावड्याच्या शाळेत, आणि पोरी बसतील घरी. सगळं खरं होतं. खोटं असतं तर भांडले असते.

मधल्या काळात आणखी पोरं येऊन गेली. मराठी शिकवणाऱ्या सुरेशचं वर्ष भरलं, तुम्ही "मार" म्हणालात. कवायत घेणारा भरतीला निघाला, त्यालाही "मार" म्हणालात, वर पेढा दिलात. मी आत फळ्यावर समीकरण लिहीत असायचे आणि बाहेर एकेकाचा शेवटचा टोला पडायचा. वर्गातली पोरं मोठ्यानं म्हणायची, "सुटला!" माझा खडू तेवढ्यापुरता थांबायचा.

शाळेचं नाव झालं, हे कबूल करते. विज्ञान प्रदर्शनात इंदापूरला आपला पाणी उपसायचा पंप पहिला आला, तो सायकलच्या चेनवर केलेला. खो-खोच्या पोरी अनवाणी खेळून ढाल घेऊन आल्या, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतात. आम्ही सगळे किती हसलो होतो! त्या दिवशी मला वाटलं, राहावं इथेच. दुसऱ्या दिवशी सहामाहीचे पेपर तपासायला बसले आणि वाटलं, इथेच मरेन की काय मी.

आई तर वैतागली. दोन स्थळं आली आणि गेली. "बाईंनी तुला दावणीला बांधली हाय," ती म्हणायची. "टोला मारल्याबिगर लगीन करायचं न्हाय, आसं कुठं लिवलंय?" लिहिलेलं कुठंच नव्हतं, बाई. लिहिलेलं असतं तर खोडता आलं असतं.

आणि तुम्ही बारामतीच्या दवाखान्यात होतात, तेव्हा मी आले होते ना, ती फक्त तब्येत विचारायला नव्हते आले. एसटीत सगळ्या वाटेनं एकच वाक्य घोकत आले होते, "बाई, आता मारू का?" तुम्हाला धाप लागली होती. मी पाण्याचा पेला धरला. तुम्ही विचारलंत, सराव परीक्षा झाली का. झाली म्हटलं. मग म्हणालात, "भूमितीचा पेपर सोपा काढू नकोस." एवढंच! मी हो म्हणाले आणि परतीच्या गाडीला लागले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या मागे खुर्ची माझ्याकडे आली. कळलं ना तुम्हाला काय झालं ते? "मार" म्हणणारं माणूसच उरलं नाही.

म्हणून माझा सगळा जीव कवितावर होता. आठवते ना, सांगवीहून मामाकडे राहायला आलेली, बोलताना ओढणीचं टोक चावणारी? तिचाही शेवटचा टोला राखलेला. ह्या वर्षी ती बी.एस्सी. झाली. माझ्यानंतरचं पहिलं विज्ञानाचं माणूस! जूनमध्ये ती येणार, मी बारामतीला जाणार, असं मी मनात पक्कं केलं होतं. शाळा सांभाळत बाहेरून बी.एड. केलं होतं, त्यावरच तर ती नेमणूक मिळाली होती.

गेल्या आठवड्यात ती आली. पत्र्याची ट्रंक घेऊन, सामानासकट. "बाई, आले मी," म्हणाली. चहा झाला. मग ओढणीचं टोक तोंडात. "पुण्याला एम.एस्सी.ला नंबर लागलाय. पण मी आलेय. शब्द दिला हाय ना."

आणि बाई, मी काय म्हणाले असेन?

"एक वर्षानं काय बिघडतंय?"

माझ्याच तोंडातून! जीभसुद्धा अडखळली नाही. ती "काय न्हाय" म्हणाली आणि कप विसळायला उठली. मी तिचं तोंड पाहिलं होतं. तुम्ही माझं पाहिलं होतं की नाही हे मी आठ वर्षं स्वतःला विचारत होते. आता मला वाटतं, पाहिलं होतं. पाहूनही माणूस म्हणू शकतं. मी म्हणाले ना.

लाज सांगते, त्यानंतर दोन दिवस मी खूश होते. साडीला इस्त्री केली ती तेव्हाच. गाणं गुणगुणत केली.

तिसऱ्या दिवशी इंदापूरला जाऊन दहावीचा निकाल आणला. आपल्या शाळेचा आजवरचा सगळ्यात मोठा निकाल लागलाय, बाई! रुक्मिणीला चौऱ्याऐंशी टक्के. तीच, जी पाचवीत असताना तुमचा चष्मा लावून वर्गाला शिकवत होती. मैदानात गाव जमलं. संस्थेचे तात्या फेटा बांधून आले आणि रुक्मिणीच्या हातात हातोडी देत म्हणाले, "हं, त्र्याऐंशी मार. आन् सगळ्यांम्होरं सांग, परत येऊन यक वरीस शाळंला देती म्हणून." तिनं तोंड उघडलं. कविता माझ्या शेजारी उभी होती. ओढणी नुसती हातात धरून उभी होती, चावत नव्हती. रुक्मिणीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. आठ वर्षं रोज मी आरशात तेच बघतेय.

मी पुढे झाले, हातोडी घेतली आणि कविताच्या हातात दिली. "आधी तुझा टोला मार."

तात्या गडबडले. "अगं मंदा, पर तिचं वरीस कुठं भरलंय? ती तर आत्ता आलीया."

"तिचं वर्ष मी दिलंय, तात्या," मी म्हणाले. "माझं एक होतं. आठ झाली. सात जास्त हायत. त्यातलं एक हिचं धरा, एक रुक्मिणीचं, आणि उरलेली पुढच्या पोरांची. आता कुणाचा टोला राखायचा न्हाय."

तात्यांनी फेटा काढला, डोकं खाजवलं. मग म्हणाले, "हिशेब तर बरूबर हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "मग तुझा गं? तूबी मार की आता."

बाई, हातोडी समोर होती. सगळं गाव उभं होतं. आणि मी म्हणाले, "बाईंनी सांगितल्याबिगर न्हाय."

का म्हणाले मी तसं? त्या क्षणी तुम्ही नव्हतं बांधलंत, मीच बांधून घेतलं. इतक्या वर्षांत दावं कुणी धरलंय हेच मी विसरले होते!

कवितानं टोला मारला. एकच, पण इतक्या जोरानं की झाडावरचे कावळे उडाले. मग ती माझ्या गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ट्रंकेसकट पुण्याला गेली. खिडकीतून हात हलवताना परत पोरगी दिसत होती. आणि तिच्यामागे विज्ञानाचं माणूस शाळेत मी एकटीच उरले.

आता थोडं हसा. रुक्मिणीनं सगळेच्या सगळे चौऱ्याऐंशी टोले मारले. पण शेतातल्यांना रीत मोडल्याचं कुठं ठाऊक! कविताचा एकटा टोला त्यांनी सुटकेचा म्हणून वेगळा काढला, आणि रुक्मिणीच्या टोल्यांत सवयीनं एक मिळवला. संध्याकाळपर्यंत गावभर पंचाऐंशी झाले. चुलत्यानं पंचाऐंशीचे पेढे वाटले, पाराजवळच्या फळ्यावर पंचाऐंशी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिचा बाप गुणपत्रिका नाचवत माझ्याशी भांडायला आला, "बाई, कागदावर यक कमी लिवलाय! समद्या गावानं मोजल्यात!" अर्धा तास समजावलं. पटलं नाही. अजून फळ्यावर पंचाऐंशीच आहे, आणि मी ते पुसायला सांगितलेलं नाही.

बारामतीला मी का गेले नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोमवारी दहावीचा वर्ग भरला, बेचाळीस पोरं, त्यांत एकोणीस पोरी. दारात उभी राहिले आणि सगळी उठून उभी राहिली. कशी जाऊ? तुम्हीसुद्धा अशाच दारात उभ्या राहिला असाल का कधी? बारामतीचं घर, पेन्शन, बहिणीची नातवंडं, सगळं सोडून ह्या कोंबड्यांच्या शेडमध्ये "एकच वर्ष" म्हणत म्हणत तुमची अठरा गेली. तुम्हाला तरी "मार" कोण म्हणणार होतं? हे मला काल रात्रीपर्यंत सुचलंच नव्हतं. राग थोडा उतरलाय तो त्यामुळे. सगळा नाही.

तर आता माझा शब्द ऐका. परवा मी तात्यांना सगळ्या विश्वस्तांसमोर सांगितलं, हे वर्ष शेवटचं. विज्ञानाचं माणूस शोधायला त्यांना एक वर्ष आहे. माणूस मिळालं तर त्याला सगळं शिकवून जाईन, नाही मिळालं तरी जाईन. ते म्हणाले, "बघू की." तुम्हीही असंच म्हणायचात, म्हणून मला भीती वाटते. माझीच जास्त वाटते. पण तुम्हाला दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून हा शब्द तात्यांना नाही, तुम्हाला देतेय.

पुढच्या निकालादिवशी पहिलं येणारं पोर आपले सगळे टोले मारेल. ते थांबलं की हातोडी मी घेईन. तुम्ही "मार" म्हणायची वाट बघणार नाही. भूमितीचा पेपर मात्र अवघडच काढेन.

शेतातली माणसं त्या दिवशी परत चुकतील. त्या पोराला एक टक्का वाढवून देतील. पण तुम्ही नीट मोजा, बाई. शेवटचा टोला त्याचा नसेल, तो माझा असेल.

तुमची,
मंदा