आईची वीत

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

इकडे मी आणि आई ठीक. माझं शिवणकाम जोरात आहे. आईचे गुडघे मात्र कुरकुरतात. मागच्या दाराच्या पायऱ्या उतरून कुंड्यांपाशी जाणं महिनाभर बंद आहे. खिडकीतून रोपं बघत बसते. मला ते बघवत नाही. घरात तुझ्यासारखा सुतार असून पायऱ्यांना साधा कठडा नाही, शोभतं का आपल्याला? करून पाठव.

मी टेप घेऊन गेले तर तिने हाकलून लावलं. म्हणाली, पायरीपासून चार विती उंच हवा, धाकट्याला माझी वीत ठाऊक आहे. तेव्हा तुझे ते मिलीमीटर तूच काढ. मी बाई इंचवाली. बाराचे दोन, तीन, चार कसेही भाग पडतात. तुझ्या दहाचे तीन सारखे भाग करून दाखव, मग बोलू.

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई बोटांच्या पेरांवर बारापर्यंत मोजते, तू तिचीच शिष्या! आमच्या कारखान्यात मिलीमीटरशिवाय पान हलत नाही. पाव इंच, पाऊण इंच असली भानगड नाही. शून्य पुढेमागे केलं की काम झालं.

आईची वीत मी विसरेन होय? लहानपणी भिंतीशी उभं करून ती मला वितीने मोजायची, आणि मी लगेच तिच्या वितीला पट्टी लावायचो. नऊ इंच, न कमी न जास्त. चार विती म्हणजे छत्तीस इंच, म्हणजे नऊशे चौदा मिलीमीटर. कठडा आठवड्याभरात निघेल. गल्लीतल्या सुताराकडून बसवून घे आणि आईला खाली उतरवल्याशिवाय सोडू नकोस.

धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

कठडा बसवला. इतका गुळगुळीत, की शेजारीण हात फिरवून गेली. पण आईने धरला की तिचा खांदा कानाशी चढतो. दुसऱ्या पायरीवरून परत फिरली. छान झालाय म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

तुला चार शब्द सुनावायचे म्हणून टेप लावला, तर छत्तीस इंच चोख. मग आईला म्हटलं, वीत पसर बघू. बोटं आता पुरती उघडतच नाहीत रे. साडेसात इंच भरली. तिचे कपडे मीच शिवते, पण हाताचा पंजा कधी मोजला नव्हता. तुझं काही चुकलं नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मशीन बंद करून खाली बसलो. आईचा हात इतका लहान झाला, आणि मी इथे तिच्या जुन्याच हाताचा हिशेब करत होतो. फार वाईट वाटलं.

साडेसातचे चौपट तीस, म्हणजे सातशे बासष्ट मिलीमीटर. पण आता पत्रावर मापं नकोत. रविवारी करवत घेऊन येतो. टेप तुझाही नको, माझाही नको. आई पायरीवर उभी राहील, तिचा हात सहज पडेल तिथे मी खूण करीन.

कापून, घासून होईतो दुपार होईल. तेवढा वेळही तिला खिडकीशी बसवू नकोस. मी दोन पायऱ्या खाली जरा वाकून उभा राहतो, म्हणजे माझा खांदा बरोबर तिच्या हाताशी येईल.

लोभ आहेच, तो न मोजता वाढवावा.
धाकटा