पायाखालची गदा

घाटकोपर, ६ जानेवारी २०२५

ती. नंदकिशोरदादास सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतोस, म्हणून लिहून टेम्पोवाल्याकडे देतो आहे. तुमची कंपनी आणि आमचा कबड्डी संघ यांच्या जोडनावाचे बूट आज मिळाले. बाहेर कंपनीचे नाव. आत, नेमके टाचेखाली, संघाचे चिन्ह. म्हणजे मारुतीची गदा. चढाईला जाताना पोरे छातीवरच्या याच गदेला हात लावून तो कपाळाला लावतात, आणि तू ती पायाखाली दिलीस. कर्णधार हर्षदने तर बुटांना नमस्कार करून ते खोक्यात परत ठेवले. रविवारी अंतिम सामना आहे रे. काय करू, कळव.

जयावहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
दत्ताराम

मरोळ, ७ जानेवारी २०२५

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद.

मी ओरडत नाही, स्पष्ट बोलतो. करारात 'नाव बाहेर, चिन्ह आत' असे आहे, आणि नमुना पाहून 'झकास' म्हणणारा तूच होतास. संघ रविवारी हे बूट न घालता उतरला, तर करार संपेल. मालकांपुढे तो मी मांडला असल्यामुळे माझी नोकरीही संपेल, आणि या वयात मला दुसरीकडे कोणी घेणार नाही. पाय आत गेला की गदा दिसतसुद्धा नाही, हे मुलांना समजाव.

तुझे पत्र वाचून जयाने विचारले, तुम्ही स्वतः घालाल का? घालेन, असे सांगितले. नमुन्याचा जोड घरीच आहे.

प्रकृतीस जप.

तुझा,
नंदकिशोरदादा

मरोळ, १० जानेवारी २०२५

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद.

जयासमोर बूट घालायला बसलो. बराच वेळ पाय उचललेलाच राहिला. ती चहा ठेवायला आत गेली.

सोबत कोरे सुकतळे पाठवतो आहे. बुटातले जुने काढून हे घाला आणि निर्धास्त खेळा. मालकांना विचारलेले नाही, सोमवारी सांगेन. करारातील 'चिन्ह आत' ही अट मोडल्याचा दोष माझ्या नावावर राहील.

जुने सुकतळे टेम्पोतून परत पाठव. इथे शिल्लक होते ते देवनारच्या कचरागाडीत टाकायला कारखान्यात कोणी धजेना. मीही धजलो नाही. सध्या माझ्या टेबलावर रचून ठेवले आहेत. सही घ्यायला येणारा आधी त्यांना हात जोडतो. सोमवारी मला टेबल रिकामे करावे लागले, तर त्यांच्यासाठी तुझ्याकडे एक उंच फळी मोकळी ठेव.

लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझा,
नंदकिशोरदादा