एका फ्लॉपीत मावणारा इन्स्टॉलर

२ जून २००३, सोमवार. औलू.
अखेर माझ्या लायकीचं काम आलं. लॅपलंडच्या फिरत्या वाचनालयाच्या बसमधल्या कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्रॅम बसवायचा. समोरच्या टेबलावरचा तुओमो म्हणाला, सगळं एका सीडीवर भर आणि पोस्टात टाक. मी हसलो. माझा इन्स्टॉलर एका फ्लॉपीत मावणार. कॉम्प्युटरमध्ये काय नाही ते तो स्वतः बघणार आणि वेबवरून स्वतः उतरवून घेणार.
मुदत २० तारीख, मध्यग्रीष्माच्या सणाची पूर्वसंध्या. बॉस राइली म्हणाली, जमलं नाही तर तळघरात मदतीच्या फोनवर बसशील. फोनवर! दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचं! त्यापेक्षा मी सरोवरात उडी मारेन.

४ जून.
झाला! माझ्या मशीनवर चार सेकंदांत ‘सर्व काही तयार’. तुओमोने विचारलं, तुझ्या मशीनवर सगळं आधीपासूनच आहे, मग याने उतरवलं काय? जळतो मेला.

६ जून.
राइलीला दाखवला. ती काही बोलली नाही. मी घड्याळ लावलं होतं: एक मिनिट दहा सेकंद पूर्ण शांतता. आमच्याकडे स्तुती अशीच करतात. मग ती उठून तुओमोच्या टेबलाशी गेली. कौतुक सांगायला असणार.

१० जून, दुपारी.
अडगळीतला कोरा कॉम्प्युटर आणून लावला. इन्स्टॉलर एक भाग उतरवतो, मशीन बंद करून चालू करतो आणि पुन्हा तोच भाग उतरवतो. अकरा वेळा. चिकाटी मात्र वाखाणण्यासारखी.

१२ जून.
दुसरा, आणखी जुना कॉम्प्युटर आणला. त्यावर इन्स्टॉलर सुरूच होईना. वेबवरून सामान आणणारा जो भाग, तोच त्या मशीनवर नाही. तो आणायला तोच लागतो. मी एक सूचना टाकली: ‘कृपया हा भाग आधी वेबवरून घ्यावा.’ तुओमोने ती वाचली, कॉफीचा कप खाली ठेवला आणि खोलीतून निघून गेला.
संकल्प: उद्यापासून त्याच्याशी बोलणार नाही. (आजही बोललो नव्हतो.)

१५ जून, रविवार.
चार दिवस धड जेवलो नाही. नुसता राय धान्याचा पाव आणि लोणी. पण आता कोऱ्या मशीनवर खरंच चालला! डोळ्यांत पाणी आलं. फ्लॉपी उद्याच्या पोस्टाने उत्स्योकीला, बस असते तिथे.

१७ जून.
उत्स्योकीच्या बसची ड्रायव्हर औने हिचा फोन. वय साठच्या पुढे. म्हणाली, ‘‘अरे ओस्मो, बसला वेब कुठलं? शाळेमागे गाडी लावायची, खिडकीतून वायर घ्यायची, तेव्हा मिळतं. शाळेला मे अखेरीसच कुलूप लागलं. शिपाई किल्ली घेऊन बेटावरच्या सुट्टीच्या घरात गेलाय, आता ऑगस्टात येईल.’’
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. (मी विचारलं नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.) ती पुढे पाकिटाचं काहीतरी बोलत होती. मी मधेच तोडलं: काळजी करू नका, मी स्वतः येतो.

१९ जून.
साडेसहाशे किलोमीटर. डास. रेनडिअर रस्त्यात बसून होते, उठेनात. औनेच्या घरी पोचलो. बसचा कॉम्प्युटर तिच्या स्वयंपाकघरात आणला, मोडेम तिच्या फोनच्या तारेला जोडला. शंभर मेगाबाइट उतरायचेत. उद्या सकाळी सातला सुरू.

२० जून, सकाळी ११.
३८ टक्के. औने कॉफी ठेवते आणि जाते. प्रभावित झालेली दिसते.

दुपारी ४.
८९. देवा, एवढं एकदा होऊ दे. मला ते तळघर नको.

४.५०.
९७ टक्के. औनेची बहीण सणासाठी आली आणि भाच्याला शुभेच्छा द्यायला तिने फोन उचलला. मोडेमची जोडणी तुटली. इन्स्टॉलर शून्यापासून पुन्हा सुरू. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. चक्क रडलो. बहिणीने माझ्यापुढे भाजलेला मासा ठेवला.

६.१५.
औनेने कॉफीच्या डब्याखालून एक पाकीट काढलं. आत सीडी, तुओमोच्या अक्षरात. तुझ्या फ्लॉपीच्याच दिवशी आली, म्हणाली. तुमच्या राइलीने पाठवायला लावली. घातली. नऊ मिनिटांत प्रोग्रॅम चालू.
आधी का नाही सांगितलंत, विचारलं.
‘‘फोनवर सांगत होते, तू बोलू दिलं नाहीस. मग एवढ्या लांबून आलास, इतकं मन लावून बसलास. कुठल्या तोंडाने सांगू?’’
बाहेर सगळे सणाच्या शेकोटीकडे निघाले होते. मलाही बोलावलं. गेलो नाही.

२३ जून, सोमवार. तळघर.
सकाळपासून सात फोन. सातही जणांना सीडी घाला म्हणून सांगितलं.
राइली खाली येऊन गेली. दारात उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.
या वेळी घड्याळ लावलं नाही.