युरिया उडून जातो

९ जुलै
कपाशी पिवळी पडली. आबा बांधावर गप्प उभे. सासरे असे गप्प झाले की मनात लेकच असतो.

दोन वर्षांपूर्वी याच रानात पिवळी कपाशी बघून आबा ह्यांच्यावर ओरडले होते — "महारुद्र, युरिया रानात पडलाच न्हाई! पोती विकलीस तू!" हे त्याच दिवशी पुण्याला निघून गेले. मधल्या वर्षी सोयाबीन होतं.

पण यंदा युरिया आबांनी स्वतः फेकलाय!

मला काहीच वाटलं नाही. भाकरी केल्या.

१० जुलै
रानातली माती पिशवीत भरून परभणीच्या माती परीक्षण केंद्रात तपासायला दिली.

२४ जुलै
मातीचा कागद मिळाला. सामू, म्हणजे पीएच, ८.६; चुनखडी भरपूर. केंद्रातल्या सविताताई म्हणाल्या, "चुनखडीच्या ओल्या रानावर युरिया वरून फेकला की त्याचा वायू होतो, उडून जातो. अमोनियम सल्फेट आणलं तरी तेच. खत मातीआड करा."

"किती उडतो?"

"ऊन असलं तर बराच."

कागद घडी करून पदराला बांधला. बसमध्ये झोप लागली.

२८ जुलै
तीन दिवसांपूर्वी बरणीत रानातली माती, चमचाभर युरिया, थोडं पाणी घालून झाकण लावलं होतं. आज आबांसमोर उघडली. उग्र वास — दोघांच्या डोळ्यांत पाणी!

"ह्योच वास रानात येत होता," आबा म्हणाले. "मला वाटलं, खत लागायलंय."

मग बरणीकडंच बघत बसले. "म्हणजे पोरानं फेकला होता..."

मी बरणी धुऊन ठेवली.

३० जुलै
शेजारच्या दगडाबाईला सोबत घेतलं. दर झाडाशेजारी, चार बोटं लांब, खुरप्यानं खड्डा — चिमूट खत — वर माती. पाठ धरली. जेवले नाही.

१६ ऑगस्ट
कपाशी हिरवीगार. वालूरच्या रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायलीत. मी बघितलं, घरी आले. एवढंच.

१७ ऑगस्ट
आबांनी मला ह्यांना फोन लावायला सांगितला. मी स्पीकरवर टाकला. "महारुद्रा, चुकलं माझं. युरिया हवेत उडून जायलाय. तू विकला न्हाईस."

हे म्हणाले, "आबा, चारातली दोन पोती मी खरंच विकली होती."

आबा भिंतीला टेकले. मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"बरं," आबा म्हणाले. "तरी ये."